फुप्फुसातलं गळू, टीबीच्या गोळ्या आणि एक अनावश्यक मेट्रो

पूर्व नागपुरातल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयात मी छातीविकारांचे रुग्ण बघतो. खालचं प्रकरण तिथलंच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, उपचारांचा क्रम बदललेला नाही. यात एक चूक माझी स्वतःची आहे. ती मधोमध येते, आणि लिहायला बसलो ते मुख्यतः तिच्यामुळेच.

## पार्श्वभूमी

रुग्ण ४४ वर्षांचा, कळमना बाजारात फळांच्या गाड्या रिकाम्या करणारा हमाल. वीस वर्षांपासून खर्रा, दिवसाला सहा-सात पन्न्या. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा प्रकार इथे चहाइतका सहज मिळतो.) आठवड्यातून तीन-चारदा दारू. पंचविशीत डोक्याला मार लागला होता, तेव्हापासून फिट येते. त्यासाठी रात्री फेनिटॉइन ३०० मिलिग्रॅम चालू. हिरड्या सुजलेल्या, दाबल्या की पू यायचा, आणि खालच्या दोन दाढा हलत होत्या. दातांकडे त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला तपासणाऱ्या कोणत्याच डॉक्टरनेही दिलं नव्हतं.

दसऱ्याच्या रात्री दारू झाली, गोळी राहिली आणि पहाटे मोठी फिट आली. पाच-सात मिनिटं शुद्ध नव्हती, उताणाच पडला होता. त्या वेळी दवाखान्यात कोणी नेलं नाही, कारण सकाळपर्यंत तो उठून बसला होता. साधारण दहा दिवसांनी ताप आणि खोकला सुरू झाला. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी पाच दिवस अझिथ्रोमायसिन दिलं, मग सेफिक्झिम. ताप थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात पोकळी दिसली. बेडक्याचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, त्यात टीबीचे जंतू दिसले नाहीत. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) पाठवलं गेलं नाही. वजनाच्या हिशोबाने रोज चार गोळ्यांचं टीबीचं औषध सुरू झालं आणि निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदही झाली.

ज्यांनी ते सुरू केलं त्या डॉक्टरांना दोष देण्याची मला घाई नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. सात किलो वजन घटलेला हमाल, न हटणारा ताप, वरच्या खंडात पोकळी, असा माणूस समोर बसला की हात आपोआप त्याच चिठ्ठीकडे जातो.

गोळ्या सुरू होऊन बारावा दिवस उजाडला आणि पुन्हा फिट आली. या वेळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे शिरेतून फेनिटॉइनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रीचा डोस ३०० वरून ४०० मिलिग्रॅम केला. दोन दिवसांनी तो आमच्याकडे आला.

## आमच्याकडे आला तेव्हा

ताप १०२, नाडी ११८, ऑक्सिजन ९३ टक्के. पांढऱ्या पेशी २१,४००. हिमोग्लोबिन ९.८, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) २.३, दोन्ही कमी. साखर आणि क्रिएटिनिन ठीक, एचआयव्ही निगेटिव्ह. वजन ५१ किलो.

या आकड्यांपेक्षा मोलाची गोष्ट त्याची बायको बोलली. मी इतिहास विचारून उठत होतो, तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सांगाले बरं नाही वाटत, पन हे खोकलले का खोलीत बसवत नाही. मेल्यावानी वास येते जी. चादरी दोनदा धुतल्या, तरी जात नाही."

मी त्याला बेडका काढायला लावला. डबीचं झाकण उघडलं आणि सोबतची रेसिडेंट दोन पावलं मागे सरकली.

टीबीच्या बेडक्याला असा वास नसतो. हा कुजका वास अनॅरोबचा, म्हणजे ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंचा. ते जी लहान साखळीची मेदाम्लं तयार करतात त्यांचा तो दर्प असतो. वास नसला म्हणून अनॅरोब नाहीत असं म्हणता येत नाही, कारण बऱ्याच रुग्णांत तो नसतोच. पण असला तर संशयाला फारशी जागा उरत नाही. महिनाभरात तीन डॉक्टरांनी त्याला तपासलं होतं. ताईंना विचारलं, "हे आधी कोणाला सांगितलं का?" त्या म्हणाल्या, "कोनी इचारलं नाही."

जुना एक्स-रे खिडकीशी धरला तर पोकळीत आडवी, सरळ पाण्याची रेघ होती. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख नव्हता. टीबीच्या पोकळीत अशी पातळी सहसा दिसत नाही, पू भरलेल्या गळवात दिसते. सीटी स्कॅनमध्ये जाड भिंतीची साडेपाच सेंटिमीटरची पोकळी, आत पू, उजव्या वरच्या खंडाच्या मागच्या भागात. फुप्फुसाभोवती पाणी नाही.

ही जागाच फसवी आहे. उताणा पडलेल्या बेशुद्ध माणसाच्या तोंडातली लाळ, दातांच्या कडेची घाण श्वासनळीत उतरली की उजवीकडे जाते, कारण उजवी नळी सरळ आणि रुंद आहे. तिथून ती गुरुत्वाकर्षणाने वरच्या खंडाच्या मागच्या भागात किंवा खालच्या खंडाच्या वरच्या टोकाशी साचते. वरच्या खंडाचा तोच मागचा भाग टीबीचंही आवडतं ठिकाण आहे. एक्स-रेवर दोघांचा पत्ता एकच निघतो.

## पहिला निर्णय: टीबीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद?

तीन वाटा होत्या. गोळ्या आणि अँटिबायोटिक दोन्ही चालू ठेवणं. गोळ्या थांबवून अँटिबायोटिक देणं आणि टीबीच्या कल्चरची (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीची) वाट बघणं. किंवा आधी दुर्बिणीने श्वासनळी तपासून मग ठरवणं.

पहिली वाट सगळ्यांत सुरक्षित वाटते, आणि म्हणूनच ती धोक्याची. दोन्ही देऊन रुग्ण सुधारला तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही. मग सहा महिने गोळ्या गिळवाव्या लागतात. त्यात इथे फिटचा प्रश्न होता. टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन यकृतातली, औषधं मोडणारी एन्झाइम वाढवतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत फेनिटॉइनची पातळी घसरते. त्याच गोळ्यांतलं आयसोनियाझिड उलट दिशेने ओढतं, पण दोन्ही एकत्र असली की बरेचदा रिफॅम्पिसिन जिंकतं. बाराव्या दिवशी आलेली फिट याच्याशी जुळते. सिद्ध मात्र करता येत नाही, कारण त्या दिवशी रक्तातली पातळी कोणी मोजली नव्हती. पण साखळी बघा. फिटमुळे गळू झालं, गळवाला टीबी समजून गोळ्या दिल्या, गोळ्यांनी पुन्हा फिट आणली असावी, आणि त्या फिटमध्ये आणखी घाण फुप्फुसात गेली असणार.

बेडक्याचे दोन नमुने सीबीनॅटला पाठवले, दोन्ही निगेटिव्ह. कोणी म्हणेल, चौदा दिवस औषध चालू होतं, निगेटिव्ह येणारच. तसं नाही. सीबीनॅट मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतं, आणि साडेपाच सेंटिमीटरच्या टीबीच्या पोकळीत जंतूंची रेलचेल असते. एवढी मोठी पोकळी आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही नाही, सीबीनॅटमध्येही काही नाही, हे टीबीच्या विरोधात जातं. द्रव माध्यमातलं कल्चर लावलं, त्याचा अंतिम निकाल ४२ दिवसांनी. गोळ्या त्याच दिवशी थांबवल्या आणि टीबी युनिटला फोन करून कळवलं.

आणखी एक गोष्ट ठरवली. लिव्होफ्लॉक्सासिन, अमिकासिन किंवा लिनेझोलिड द्यायचं नाही. तिन्ही टीबीवर थोडंफार काम करतात. टीबी असलाच तर तो अर्धवट दबेल आणि कल्चरही फसवेल.

## दुसरा निर्णय: कोणतं अँटिबायोटिक?

रेसिडेंटने सवयीने लिहिलं होतं: सेफ्ट्रायॅक्झोन, मेट्रोनिडाझोल, अमिकासिन. हे त्रिकूट आपल्याकडे पोटाच्या ऑपरेशनपासून पायाच्या जखमेपर्यंत सगळीकडे चालतं. तिच्याशी बसून एकेक नाव तपासलं.

अमिकासिन टीबीचा मुद्दा सोडला तरी बाद. या गटाच्या औषधांना जिवाणूच्या आत शिरायलाच ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. अनॅरोबकडे ती नाही. शिवाय पुवाच्या आंबट वातावरणात औषधाचं बळ कमी होतं.

मग तिने विचारलं, "सर, अनॅरोबच आहेत तर नुसतं मेट्रोनिडाझोल का नको?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अनेक डॉक्टरांनाही चकवतं. मेट्रोनिडाझोल हे मूळ रूपात निष्क्रिय औषध. ऑक्सिजन नसलेल्या पेशीत त्याचा नायट्रो गट क्षपण पावतो, त्यातून निघालेले घटक डीएनए तोडतात. त्यामुळे पक्क्या अनॅरोबवर ते जबरदस्त आहे. पोटातल्या बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसवर तर त्याच्या तोडीचं स्वस्त औषध शोधून सापडणार नाही. पण फुप्फुसातल्या गळवात पक्के अनॅरोब एकटे राहत नाहीत. तोंडातून आलेले स्ट्रेप्टोकोकाय सोबत असतात, त्यांना थोडा ऑक्सिजन चालतो, आणि त्यांच्यावर मेट्रोनिडाझोलचा परिणाम शून्य. फुप्फुसाच्या गळवात हे एकटं वापरून बघितलं गेलं तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत ते फसलं.

पेनिसिलिन हे एकेकाळचं ठरलेलं औषध. त्याच्या आधीच्या काळात या आजारात साधारण तिघांपैकी एक दगावायचा. पण प्रेव्होटेलासारखे तोंडातले अनेक अनॅरोब आता पेनिसिलिन तोडणारं बीटा-लॅक्टमेज तयार करतात. १९८३ आणि १९९० मध्ये झालेल्या तुलनांमध्ये क्लिंडामायसिन पेनिसिलिनपेक्षा सरस ठरलं. क्लिंडामायसिन आमच्या यादीत होतंच, पण त्याने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा जुलाब होण्याची भीती जास्त. सहा-आठ आठवडे औषध द्यायचं असताना मी ते राखून ठेवलं.

सेफ्ट्रायॅक्झोन अधिक मेट्रोनिडाझोल ही जोडी चुकीची नव्हती. स्ट्रेप्टोकोकाय एकाने, अनॅरोब दुसऱ्याने, हिशोब जुळतो. पण मेट्रोनिडाझोलने फेनिटॉइनचा निचरा मंदावू शकतो आणि रुग्ण दारू पिणारा होता. पाइपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम लागावं असं काही नव्हतं. माणूस घरून आला होता, बीपी स्थिर, रुग्णालयातल्या हट्टी जंतूंचा संशय नाही.

उरलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट. स्ट्रेप्टोकोकायवर चालतं, क्लॅव्ह्युलनेटमुळे बीटा-लॅक्टमेजवाल्या अनॅरोबवरही चालतं, शिरेतून देता येतं आणि नंतर तेच तोंडाने. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही हे दोनदा विचारलं. १.२ ग्रॅम, दर आठ तासांनी. एकच औषध. फाइलवर मी स्वतः लिहिलं: वेगळं अनॅरोबिक कव्हर (अनॅरोबसाठी जादा औषध) नको.

## जंतूंचं नाव कधीच कळलं नाही

बेडक्याच्या कल्चरचा रिपोर्ट आला: "तोंडातले सामान्य जिवाणू". नातेवाइकांना हा रिपोर्ट म्हणजे काही निघालं नाही असा वाटतो. खरी गोष्ट अशी की बेडका तोंडातून येतो आणि तोंडात अनॅरोब ठासून भरलेले असतात, म्हणून प्रयोगशाळा बेडक्यावर अनॅरोबिक कल्चर करतच नाही आणि करूही नये. त्यासाठी सुईने थेट गळवातला पू काढून, हवा लागू न देता, योग्य माध्यमात पाठवावा लागतो. ते आम्ही केलं नाही, कारण सुई टोचून पू फुप्फुसाच्या आवरणात पसरवण्याचा धोका नको होता. ग्रॅम स्टेनमध्ये (बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा) मात्र भरपूर पुवाच्या पेशी आणि चार-पाच आकारांचे जिवाणू एकत्र दिसले. एवढ्या सरमिसळीवरून जे समजायचं ते समजलं.

## माझी चूक

दाखल झाल्याच्या दुसऱ्या रात्री साडेअकराला ड्यूटी डॉक्टरचा फोन आला. ताप १०३, थंडी वाजते, नातेवाईक घाबरलेत. मी अर्धवट झोपेत म्हणालो, "मेट्रो चालू करून द्या." मेट्रो म्हणजे मेट्रोनिडाझोल.

नागपुरात मेट्रो २०१९ मध्ये धावू लागली. आमच्या वॉर्डांत ती त्याच्या कितीतरी आधीपासून धावते आहे. ताप चढला, मेट्रो. वास आला, मेट्रो. काय करावं सुचत नाही, मेट्रो. दिवसा ज्या औषधाविरुद्ध मी रेसिडेंटला वीस मिनिटं समजावलं होतं, तेच रात्री फोनवर सुरू केलं. त्याची गरज नव्हती. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट जे मारत होतं तेच ते मारणार होतं. आणि फुप्फुसातलं गळू कोणत्याही औषधाने दुसऱ्या रात्री शांत होत नाही. ताप पूर्ण उतरायला सात ते दहा दिवस लागतात हे मला ठाऊक होतं. सकाळच्या राउंडला मी ते थांबवू शकलो असतो. मी सही केली.

पाचव्या दिवशी तो संडासला जाताना भेलकांडला. बायकोला वाटलं अशक्तपणा, नर्सलाही तसंच वाटलं. रेसिडेंटने बोट डोळ्यांसमोर फिरवून बघितलं तर बुबुळं दोन्ही बाजूंना थरथरत होती. जीभ जड. फेनिटॉइनची पातळी २२ आली. हवी असलेली मर्यादा १० ते २०, म्हणजे वरवर बघता किंचित जास्त. पण फेनिटॉइन बहुतांश अल्ब्युमिनला चिकटून फिरतं, आणि काम करतो तो मोकळा भाग. अल्ब्युमिन २.३ धरून दुरुस्ती केली की हाच आकडा सुमारे ३९ होतो. ही सरळ विषबाधा होती.

पातळी चार बाजूंनी वर ढकलली गेली होती. बाहेर दिलेलं इंजेक्शन, ४०० केलेला डोस, आम्ही थांबवलेलं रिफॅम्पिसिन आणि मी जोडलेलं मेट्रोनिडाझोल. यातला मेट्रोनिडाझोलचा वाटा किती हे सांगता येणार नाही, माणसागणिक तो बदलतो. पण चारपैकी तो एकच असा होता ज्याला काहीही कारण नव्हतं. रिफॅम्पिसिन बंद केलं त्याच दिवशी फेनिटॉइनकडे बघायला हवं होतं, ही त्याहून मोठी चूक. एन्झाइम वाढवणारं औषध काढलं की पुढचे दोन आठवडे पातळी हळूहळू चढत राहते, आणि फेनिटॉइनचा स्वभावच असा की एका टप्प्यानंतर डोस थोडा वाढला तरी पातळी भसकन वर जाते.

मेट्रोनिडाझोल बंद केलं, फेनिटॉइन थांबवलं, फिटसाठी त्याऐवजी लेव्हेटिरासिटाम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. चार दिवसांत चाल सुधारली. त्या चार दिवसांत तो आमच्या वॉर्डात कुठे पडला नाही, हे नशीब. त्याच्या भावाला मी स्वतः बसवून सांगितलं की रात्री दिलेलं एक औषध नको होतं आणि त्याचा यात हात असू शकतो. भाऊ गप्प ऐकत राहिला, मग विचारलं, "त्या औषधाचं बिल लागन का?" ते काढून टाकलं.

## तिसरा निर्णय: पू काढायचा का?

इथे फार वेळ घालवावा लागला नाही. दहापैकी आठ-नऊ गळवं औषधानेच बरी होतात, कारण गळू श्वासनळीत फुटतं आणि खोकल्यातून रिकामं होत राहतं. त्याला रोज दोनदा उजवी बाजू वर ठेवून, पोकळी ज्या कोनात रिकामी होईल त्या कोनात झोपवून फिजिओथेरपी दिली. बेडक्याचा वास पाचव्या दिवशी गेला. ताप आठव्या दिवशी. वास आधी जातो आणि ताप मागून, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावं. म्हणजे रात्री साडेअकराचे फोन कमी येतात.

दुर्बिणीची तपासणी मात्र टाळता येत नव्हती. वीस वर्षांचा तंबाखू आणि पोकळी, म्हणजे मागे कॅन्सर लपलेला असू शकतो. पहिल्या आठवड्यात केली असती तर पू चांगल्या फुप्फुसात सांडण्याची भीती होती, म्हणून सोळाव्या दिवशी केली. नळीत सुपारीचा तुकडा अडकलेला सापडेल असं मी रेसिडेंटला पैज लावून सांगितलं होतं. हरलो. नळी मोकळी, गाठ नाही, धुवणातलं सीबीनॅट निगेटिव्ह.

## घरी गेल्यावर

सतराव्या दिवशी सुट्टी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट ६२५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणासोबत. किती दिवस, हे कॅलेंडरवर ठरत नाही. एक्स-रे साफ होईपर्यंत किंवा छोटा, न बदलणारा डाग उरेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे.

चौथ्या आठवड्यात तो ठरलेल्या तारखेला आला नाही. फोन केला तर म्हणाला, "बरं आहे ना आता, काहून खाऊ?" गोळ्या सहा दिवसांपासून बंद होत्या. त्याचं कारण मात्र वेगळंच निघालं. पातळ संडास होत होती, आणि बाजारात गाडीवर चढलेल्या माणसाला दिवसातून पाचदा उतरून पळणं परवडत नाही. हे आम्ही सुट्टीच्या दिवशी विचारायला हवं होतं. ताप नव्हता, पोट दुखत नव्हतं, रक्त नव्हतं, डिफिसिलची तपासणी निगेटिव्ह. ६२५ च्या तीन गोळ्यांऐवजी १ ग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ केली, त्यात क्लॅव्ह्युलनेटची एकूण मात्रा कमी पडते आणि जुलाबाचं मूळ बहुधा तेच. आठवड्याभरात पोट जागेवर आलं. एक्स-रेत पोकळी अडीच सेंटिमीटर. आणखी तीन आठवड्यांनी फक्त एक पातळ रेघ उरली आणि औषध बंद केलं. टीबीचं कल्चर ४२ दिवसांनी निगेटिव्ह आलं.

दातांसाठी त्याला मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं. दोन्ही दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या. ज्यांच्या तोंडात एकही दात नाही त्यांना असं गळू क्वचितच होतं, ही जुनी शिकवण आहे. हिरडीची खाच हेच या जंतूंचं घर. दारू कमी झाली असं बायको सांगते. खर्रा सुटला नाही.

## आज असा रुग्ण आला तर

बेडक्याची डबी मी पहिल्या पाच मिनिटांत स्वतः उघडेन. पोकळी दिसली की फिट, दारू, बेशुद्धी आणि दात हे चार प्रश्न टीबीच्या प्रश्नांच्या आधी विचारेन, आणि वास येतो का हे घरच्या बाईमाणसाला वेगळं विचारेन. सीबीनॅटशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू झालेल्या दिसल्या तर निदान पुन्हा पहिल्यापासून मांडेन. फेनिटॉइनवरचा रुग्ण असेल तर दाखल होतानाच पातळी आणि अल्ब्युमिन मोजून लेव्हेटिरासिटामचा विचार करेन, भेलकांडल्यावर नाही.

वॉर्डात एक छोटा बदल केला. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, पाइपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम चालू असताना कोणी मेट्रोनिडाझोल लिहिलं तर नर्स कारण विचारते आणि ते फाइलवर लिहून घेते. फोनवरून सांगितलं असेल तर सांगणाऱ्याचं नावही. पहिल्या महिन्यात तिने मला दोनदा विचारलं. एकदा माझ्याकडे कारण होतं.

फेब्रुवारीत तो शेवटचा आला, वजन ५७. कळमन्यात मृग बहाराची संत्री उतरायला लागली होती, त्यामुळे त्याला घाई होती. उठताना खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "साहेब, ते टीबीवाल्या ताई अजून फोन करतात, गोळ्या घेतल्या का म्हणून. त्याईले काय सांगू?" निक्षयवरची नोंद बदललीच नव्हती. आम्ही फोन केला होता, लेखी कळवलं नव्हतं. पत्र त्याच्यासमोर टाइप केलं, सोबत कल्चरच्या रिपोर्टची प्रत लावली आणि एक प्रत त्याच्या हातात दिली.